तीन बटणं पक्षाची, चौथं कपबशीचं

रूपाची उमेदवारी जाहीर झाली त्या दुपारी जालना रोडवरच्या हॉटेलात मला दोनदा स्टेजवर बोलावलं. पहिल्यांदा मी जागची हलले नाही. दुसऱ्यांदा पक्षाचा मुंबईहून आलेला प्रवक्ता, ऋतुराज, स्वतः खाली उतरून माझ्या खुर्चीपाशी आला. "सायलीताई, चला ना," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय फोटो अपुरा आहे."

उस्मानपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तशीच आले होते, कामाच्या कपड्यांत. सगळे बघायला लागले तेव्हा नाइलाजानं उठले. ऋतुराजनं माझा हात रूपाच्या हातात दिला, आमचे दोन्ही हात धरून वर उचलले आणि माइकवर म्हणाला, "ही नुसती निवडणूक नाही, हा इतिहास आहे. उघडपणे समलिंगी असलेल्या स्त्रीला महापालिकेचं तिकीट देण्याची हिंमत आमच्या पक्षानं दाखवली आहे."

टाळ्या वाजल्या. कॅमेरेवाले पुढं सरकले. 

एका वार्ताहरानं विचारलं, "ताई, तुम्ही कोणत्या समुदायाचं प्रतिनिधित्व करणार?"

"प्रभागाचं," रूपा म्हणाली. "आमच्याकडं आठ-आठ दिवस नळाला पाणी येत नाही. ज्यांच्या नळाला येत नाही त्यांचं."

ऋतुराज हसला. "ताई फार नम्र आहेत," असं म्हणून त्यानं माइक आपल्याकडं ओढला.

रूपा हिवराळे ज्या वस्तीत जन्मली तिथंच अजून राहते. तिची आई मुक्ताबाई छावणीतल्या एका दवाखान्यात आया होती. त्या पगारातून तिनं वस्तीत दोन खोल्या बांधल्या आणि त्यावर आणखी दोन चढवल्या. वरच्या खोल्यांत रूपा आणि मी बारा वर्षं राहतोय. मी मूळची सिल्लोडची. वडिलांची तिथं मक्याची अडत आहे. मी रूपासोबत राहते हे त्यांना कळलं त्या दिवसापासून त्या घराचं दार मला बंद आहे. मुक्ताबाईंचं दार मात्र कधी बंद झालं नाही. "ही माझी थोरली, ही धाकली," एवढंच त्या लोकांना सांगत, आणि लोकही पुढं विचारत नसत.

महापालिकेची निवडणूक कित्येक वर्षं झालीच नव्हती. नगरसेवक नाही, प्रशासकाच्या दारात जायची कुणाची हिंमत नाही. मग लोक रूपाकडं यायचे. टँकर आला नाही, या रूपाकडं. गटार तुंबली, या रूपाकडं. धुणीभांडी करणाऱ्या बायकांची संघटना तिनंच बांधली. समलिंगी लग्नाचा खटला दिल्लीत चालू होता त्या वर्षी एका वार्ताहरानं तिला विचारलं, आणि तिनं सरळ सांगून टाकलं की हो, सायली माझी जोडीदार आहे. दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आलं. पंधरा दिवस वस्तीत कुजबुज चालली. मग पाणी आलं नाही, आणि कुजबुजणारे सगळे कळश्या घेऊन आमच्याच दारात उभे राहिले.

तिनं तिकीट मागितलं ते या कामावर. पक्षानं दिलं ते आमच्या नात्यावर. ते मला त्या स्टेजवरच कळलं होतं, पण मी मनाला समजावलं की कशानं का होईना, मिळालं ना.

आमच्या प्रभागात चार जागा. एका मतदारानं चार मतं द्यायची, चार रंगांच्या चार पट्ट्यांवर चार बटणं दाबायची. पहिली जागा अनुसूचित जातीतल्या महिलेसाठी राखीव, ती रूपाची. उरलेल्या तीन जागांवर तात्यासाहेब, त्यांचा पुतण्या विश्वजीत आणि त्यांच्याच गटातली एक बाई. तात्यासाहेब पूर्वी तीनदा नगरसेवक झालेले. केस रंगवलेले, आवाज मऊ. कुणालाही "नाही" म्हणताना त्यांना आजवर कुणी ऐकलेलं नाही.

हॉटेलातल्या त्या कार्यक्रमानंतर दोनच दिवसांनी त्यांनी आम्हाला त्यांच्या ऑफिसात बोलावलं.

"सायलीताई, चहा घ्या," त्यांनी कप माझ्यापुढं सरकवला आणि रूपाकडं वळून म्हणाले, "हे बघ बेटा, प्रचाराला चौघांच्या घरचे फिरणार. माझी मंडळी येईल, विश्वजीतची येईल. तुझी आई येऊ दे. लई चांगली बाई, सगळे मानतात. सायलीताईंनी मात्र मतदान होईस्तोवर सिल्लोडला जाऊन यावं. जरा आराम."

"परवा हॉटेलात तिला हाताला धरून वर नेलं," रूपा म्हणाली.

"ते मुंबईच्या लोकांसाठी व्हतं. हे आपलं इथलं हाय."

"इथले सगळे तिला ओळखतात. बारा वर्षं याच गल्लीतून येते-जाते ती."

"ओळखनं वेगळं, दाखवनं वेगळं."

"ती प्रचारात येईल, तात्यासाहेब. माझ्या घरची तीच आहे."

तात्यासाहेबांनी मान हलवली. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. "तुझी मर्जी," म्हणाले आणि मला विचारलं, "साखर कमी तर नाय ना?" त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. निदान आम्ही सावध राहिलो असतो.

त्यानंतर एकेक गोष्ट घडायला लागली. चौकात चार चेहऱ्यांचा बॅनर लागला होता. तो वाऱ्यानं फाटला म्हणून नवा आला, त्यावर तीनच चेहरे. छापणाऱ्याची चूक, असं विश्वजीत म्हणाला. भोंगा लावून फिरणारी रिक्षा तीनच नावं घ्यायची. जुनी रेकॉर्ड लागली असेल. सकाळी आठला विहारापाशी जमायचं म्हणून निरोप यायचा, आम्ही तिघी थंडीत उभ्या राहायचो, आणि फेरी प्रभागाच्या दुसऱ्या टोकाकडून निघून गेलेली असायची. दर वेळी कुणीतरी कान धरून "सॉरी ताई, घोळ झाला" म्हणायचं. किती घोळ होणार? मी चिडायचे. रूपा म्हणायची, "राहू दे. आपण आपलं फिरू."

मग आम्ही तिघीच फिरायला लागलो. पुढं मुक्ताबाई, निळ्या काठाची पांढरी साडी, हातात पत्रकं, मागं रूपा, तिच्यामागं मी. मला भीती वाटायची की आता कुणीतरी काहीतरी घाण बोलेल. एकदोघं बोललेही. नाक्यावरच्या एका पोरानं शिट्टी मारली, एका माणसानं पत्रक घेऊन आमच्यासमोर चुरगाळून टाकलं. पण बाकी सगळीकडं तेच. लाइन कधी टाकणार, दिवे कधी लागणार, बालवाडीची बाई येत नाही. एका बाईनं तर माझाच हात धरला आणि विचारलं, "तू त्या लॅबमधली ना? माझ्या नवऱ्याची साखर कवा बघतीस?"

संक्रांत तोंडावर आली होती. लक्ष्मीबाईंच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी आमच्या हातावर तिळगूळ ठेवला. सत्तरी ओलांडलेली बाई. मुलगा रिक्षा चालवतो, मूळ शेतकरी घर, गाव सोडून शहरात आलेलं. त्यांच्या गल्लीत चार वर्षं बंद असलेला नळ रूपानं चालू करून दिला होता, त्यामुळं त्यांचा तिच्यावर जीव.

"रूपा, तू काय बी काळजी करू नको," त्या म्हणाल्या. "मी समद्यांला सांगितलं. कपबशी म्हंजी आपली रूपा."

"कपबशी नाही आजी. माझं चिन्ह पक्षाचंच."

लक्ष्मीबाई थांबल्या. "तुला कपबशी नाय मिळाली?"

"नाही. कुणी सांगितलं?"

"ती काल आलती ना तुमच्याच पार्टीची पोरं. विश्वजीत सोता व्हता. म्हनले, आजी, ध्यानात ठिवा, तीन बटणं पक्षाची अन् चौथं कपबशीचं. मी म्हनलं चौथं म्हंजी आपल्या रूपाचंच आसंल. माझ्यापुढं बसवून दोनदा म्हनून घेतलं त्यांनी." त्यांनी रूपाकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "मग ती कपबशी कुनाची गं?"

मुक्ताबाईंनी हातातला तिळगूळ वाटीत परत ठेवला. "म्हंजी आमचीच मानसं आमच्याच पोरीला पाडायला फिरायलीत," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

कपबशी करुणाची होती. अपक्ष. तात्यासाहेबांचा ड्रायव्हर कडुबा, त्याची बायको. ती रूपाच्याच समाजातली, आमच्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिनं अर्ज भरलाय हे आम्हाला ठाऊक होतं. अशा राखीव जागेवर दहा-बारा अपक्ष असतातच, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

रूपा तडक तिच्याकडं गेली. करुणा भाकरी थापत होती. आम्हाला दारात बघून तिचा हात परातीतच राहिला.

"जय भीम ताई," ती म्हणाली आणि रडायला लागली. "मला काय माहीत नव्हतं ताई, तुमच्याविरुद्ध हाय म्हनून. तात्यांनी गाडीत घालून न्यलं, इथं सही कर, तिथं सही कर म्हनले. यांची नोकरी त्यांच्याच गाडीवर. मी नाय कसं म्हनू?"

"रडू नको," रूपा म्हणाली. "मला एवढंच सांग, निवडून आलीस तर करशील काय?"

करुणानं डोळे पुसले. "तात्या सांगतील तिथं सही."

रूपानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर आली. मी मागून धावत गेले. मला करुणाचा राग आला होता, तिला कसा येत नाही हे कळत नव्हतं.

"तिच्यावर काय रागावू?" रूपा म्हणाली. "ऐक. तिकीट मिळायच्या आधी तात्यासाहेबांनी मला विचारलं होतं, ड्रेनेजच्या कामाच्या फायली आल्या तर कुणाला विचारून सही करशील? मी म्हटलं, ज्यांच्या दारातून लाइन जाणार त्यांना विचारून. तेव्हाच त्यांच्या मनातून मी उतरले. त्यांना तिथं करुणाच हवी होती. मुंबईवाल्यांनी वरून माझं नाव पाठवलं आणि त्यांचा डाव फिसकटला."

"मग मला सिल्लोडला पाठवायचं काय होतं?"

"तू गेली असतीस तर दुसरं काहीतरी काढलं असतं. तू निमित्त आहेस, सायली. दारोदार सांगायला सोपं. काय सांगतात ठाऊक आहे? 'तिचं घर बघा, लेकीबाळींच्या वस्तीत शोभतं का.' फायलींचं थोडंच सांगतील?"

भर रस्त्यात माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आमचं घर. सकाळी साडेसहाला उठून मी पिठलं टाकते आणि ती भांडी घासते, ते घर. हॉटेलातल्या स्टेजवर ते एकानं मिरवायला वापरलं आणि गल्लीत दुसऱ्यानं बदनाम करायला. आम्हाला कुणी विचारलं होतं?

घरी येऊन रूपानं ऋतुराजला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला, मुक्ताबाईही ऐकत होत्या. तिनं सगळं नीट सांगितलं. विश्वजीतचं नाव घेतलं, साक्षीला माणसं देते म्हणाली.

"ताई, मी समजू शकतो," ऋतुराज म्हणाला. "पण लोकल पातळीवर काही गणितं असतात. तात्यासाहेबांना या घडीला दुखवून चालणार नाही, त्यांच्यावर तीन जागा अवलंबून आहेत."

"चार आहेत."

"हो, चार. म्हणजे... ताई, खरं सांगू? तुमची उमेदवारी ऑलरेडी यशस्वी झाली आहे. दिल्लीच्या चॅनेलवर चर्चा झाली, परदेशी पेपरात आलं. निकाल काहीही लागो, मेसेज गेला."

"कुणाला गेला मेसेज?"

"संपूर्ण देशाला, ताई."

"माझ्या गल्लीत नाही आला तो," रूपा म्हणाली आणि फोन ठेवला.

मुक्ताबाईंनी विचारलं, "म्हंजी काय म्हनला त्यो?"

"म्हणाला, मी उभी राहिले तेवढं पुरे. निवडून यायची गरज नाही."

"मग फोटोच काढायचा व्हता तर स्टुडिओत न्यायचं," मुक्ताबाई म्हणाल्या. "पोरीचे पाय कामून झिजवले?"

प्रचार संपायच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर सभा होती. रूपाला स्टेजवर मागच्या रांगेत खुर्ची. आधी विश्वजीत बोलला, मग ती बाई बोलली, मग तात्यासाहेब तासभर बोलले. त्यांनी सावित्रीबाईंचं नाव घेतलं, बाबासाहेबांचं घेतलं, "सर्वांना सोबत घेऊन" असं चारदा म्हणाले. मग सूत्रसंचालकानं आभार मानायला सुरुवात केली. रूपाचं नाव पुकारलंच नाही.

ती उठली आणि माइकपाशी गेली. सूत्रसंचालक बाजूला झाला, त्याला काय करावं कळेना.

"मी रूपा हिवराळे, पहिल्या जागेची उमेदवार," ती म्हणाली. "तुमच्यातल्या पुष्कळांना घरी येऊन सांगितलंय की तीन बटणं पक्षाची आणि चौथं कपबशीचं. सांगणारे इथं माझ्या शेजारीच बसलेत. ज्यांनी हॉटेलात माझ्या गळ्यात हार घातला तेच लोक. मला मत द्यायचं नसेल तर देऊ नका. मी कुणासोबत राहते हे तुम्हाला पटत नसेल तर मला येऊन सांगा, मी ऐकून घेईन. पण यांनी मला एकदाही तोंडावर..."

माइक बंद झाला. साउंडवाला खाली बघत होता. तात्यासाहेब हसत हसत उठले, रूपाच्या पाठीवर हात ठेवायला पुढं आले. तिनं तो हात चुकवला, स्टेजच्या पायऱ्या उतरली आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या बायकांमध्ये जाऊन उभ्या उभ्या बोलायला लागली. तिचा आवाज मोठा आहे, टँकरवाल्यांशी भांडून तसा झालाय. काही बायका उठून गेल्या. काही तोंडाला पदर लावून बसल्या. पण पन्नास-साठ जणी तिच्याभोवती सरकल्या, आणि स्टेजवरून विश्वजीतनं मोठ्यानं गाणी लावली तरी त्या हलल्या नाहीत.

त्या वेळी मला वाटलं होतं, जिंकणार आपण.

मतमोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. तात्यासाहेब निवडून आले, विश्वजीत आला, ती बाईही आली. पहिल्या जागेवर विरोधी पक्षाची उमेदवार जिंकली. रूपा दुसरी, चारशे मतांनी मागं. करुणाच्या कपबशीनं अकराशे मतं खाल्ली होती. ना तात्यासाहेबांना त्यांची सही मिळाली, ना आम्हाला जागा. त्यांना त्याचं फार वाईट वाटल्याचं दिसलं नाही. विरोधी पक्षाच्या त्या जिंकलेल्या बाईच्या नवऱ्याशी त्यांची जुनी ओळख आहे, असं लगेच कुणीतरी म्हणालं.

केंद्राबाहेर ढोल वाजत होते. तात्यासाहेब डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं माखलेले. आम्ही फाटकातून बाहेर पडत होतो तेवढ्यात ते गर्दी बाजूला सारून आले आणि मूठभर गुलाल घेऊन रूपाच्या कपाळाकडं हात नेला. "बेटा, हारजीत चालायची. तू आपलीच हायेस."

मुक्ताबाईंनी मध्येच त्यांचं मनगट धरलं. पाच फुटांची बाई, पण आयुष्यभर आजारी माणसं उचललेले हात.

"खाली घ्या," त्या म्हणाल्या. "तुमचा गुलाल माझ्या पोरीला लावायचा नाय."

"मावशी, आसं काय करता..."

"खाली घ्या म्हनते ना!"

ढोलवाले थांबले. तात्यासाहेबांनी हात खाली घेतला. मुठीतला गुलाल त्यांच्याच बुटांवर सांडला.

तेवढ्यात एक तरुण वार्ताहर मुलगी आली, माइक पुढं केला. "रूपाताई, समाज अजून तयार नाही असं वाटतं का?"

"कशाला तयार नाही?"

"म्हणजे... तुमच्यासारख्या उमेदवाराला."

मी रूपाला इतकं चिडलेलं बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. "साडेचार हजारांच्या वर माणसांनी मला मत दिलं," ती म्हणाली. "सायलीला सोबत घेऊन त्यांच्या दारात गेले होते मी. त्यांनी बघितलं आणि दिलं. ते समाज नाहीत? मला पाडलं ते माझ्या पक्षातल्या तीन माणसांनी, घरोघर जाऊन. त्यांची नावं सांगते, लिहून घ्या. दरवेळी समाजाच्या माथी काय मारता?"

मुलीनं लिहून घेतलं. मान हलवली, "थँक्यू ताई" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला, हॉटेलातलाच, दोघींचे हात वर केलेला. वर मथळा: 'समाज अजून तयार नाही? ऐतिहासिक उमेदवाराचा पराभव'. बातमीत नाव मात्र एकाचंही नव्हतं.

मी तो पेपर चुलीत घालायला निघाले होते. आमच्याकडं चूल नाही, गॅस आहे, म्हणून नुसताच फाडला. दुपारी ऋतुराजचा फोन आला: पुढच्या महिन्यात मुंबईत परिषद आहे, 'राजकारणातली विविधता', तुम्हा दोघींचा सत्कार करायचा आहे, येण्याजाण्याची सोय आम्ही करू.

"तात्यासाहेबांना बोलवा," रूपा म्हणाली. "विविधता त्यांनी जवळून हाताळली आहे." मग पक्षाच्या ग्रुपवर तिनं एक ओळ टाकली, मी आजपासून तुमची नाही, आणि ग्रुप सोडला. कुणाचा फोन आला नाही.

मला वाटलं, आता ती चार दिवस झोपून काढेल. पण दुसऱ्या सकाळी ती साडी नेसून तयार. "चल," म्हणाली, "आभार मानून येऊ."

"हरल्यावर कोण आभार मानतं?"

"ज्यांनी दिलं त्यांचे मानायचे. आणि तुझी ओळख करून द्यायची राहिली आहे. प्रचारात मी नुसतं 'ही सायली' म्हणत होते. पुढचं गिळत होते. तात्यासाहेबांना वाटलं असेल मी घाबरत नाही. थोडी घाबरत होतेच."

मग आम्ही दोघी निघालो. प्रत्येक दारात ती म्हणायची, "मी आभार मानायला आले. ही सायली, माझी जोडीदार. आम्ही दोघी संसार करतो." एवढंच. काही जणांनी चहा दिला. काही जणांनी "बरं बरं" म्हणून दार लोटलं. लक्ष्मीबाईंनी माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला, "मला काय आत्ता कळतंय व्हय?" म्हणाल्या आणि आम्हाला बसवून घेतलं.

आणि प्रत्येक जण सांगत होता, "आम्ही तुलाच दिलं ताई, शपथ." चहा देणारे तेच सांगत होते, दार लोटणारे तेच. दुपारपर्यंत ऐकून ऐकून रूपाचा चेहरा आक्रसला. "एवढ्या सगळ्यांनी मलाच दिलं असतं तर मी आज महापौर असते," ती म्हणाली. हसली नाही.

कोपऱ्यावरच्या घरात एक काकू आहेत, शिवणकाम करतात. त्या दारात आल्या, रूपाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, मग माझ्याकडं बघत म्हणाल्या, "मी नाय दिलं. खोटं कशाला सांगू? मला नाय पटत तुमचं हे."

"बरं झालं सांगितलंत," रूपा म्हणाली. "सकाळपासून खरं बोलणाऱ्या तुम्ही पहिल्या." तिनं हात जोडले आणि आम्ही वळलो.

"आगं, पण थांब की," काकूंनी मागून हाक मारली. "तुझं काम चांगलंय, त्याला मी कवा नाव ठिवलं? परवापासून आमच्या लायनीला पानी नाय. जरा बघ ना तेवढं."

बारा वर्षांत अशा हाकेला रूपानं कधी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. माझा हात आपोआप फोनकडं गेला. पाण्याच्या टाकीवरच्या माणसाचा नंबर माझ्याच फोनमध्ये असतो.

रूपानं माझा हात धरून खाली केला.

"काकू, मी निवडून आले नाही," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "चार जणांना निवडून दिलंत ना? त्यांच्या दारात जा. तात्यासाहेबांचं ऑफिस चौकातच आहे. चहा पाजतील, साखर बरोबर आहे का तेही विचारतील. पाणी कधी येणार ते त्यांना विचारा."

"आगं पन ते कुठं भेटतेत..."

"भेटेपर्यंत बसा. मीही तशीच बसायचे."

काकू दारात उभ्याच राहिल्या. रूपा चालायला लागली. तिच्या मागून जाताना मी एकदा वळून पाहिलं. काकू अजून आमच्याकडंच बघत होत्या, रागानं की कोड्यात पडून, ते मला ओळखता आलं नाही. पुढच्या दाराची कडी रूपानं जरा जोरातच वाजवली. आतून बाईमाणसाचा आवाज आला, "कोन हाय?"

"रूपा हिवराळे," ती म्हणाली. "आणि माझ्यासोबत सायली."